हजीऱ्यातला अर्धा र

हजीरा हे नाव मराठीत चालवायला घेतले की त्याचे रूप पालटते. आपण ‘हजीऱ्याला’ जातो, ‘हजीऱ्याहून’ परततो, ‘हजीऱ्याच्या’ खाऱ्या वाऱ्याची तक्रार करतो. आपले गुजराती शेजारी मूळ नावाला हात न लावता त्याला प्रत्यय जोडतात. आपल्या भाषेला मात्र नामाचे सामान्यरूप केल्यावाचून चैन पडत नाही. या रूपात र आणि य यांच्या मध्ये एक इवलीशी वळणदार रेघ येते. ती डोक्यावरचा रफार नव्हे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट वाटा. हा भेद ती एवढीशी रेघ सांभाळते. तापीच्या मुखाशी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत ही रेघ अजून बोलण्यात टिकून आहे. ती संगणकाच्या पडद्यावर कशी आली, मध्येच कुठे हरवली आणि पुन्हा कशी सापडली, याचा इतिहास मला एका जुन्या यंत्रापायी शोधावा लागला. विषय प्रथमदर्शनी यांत्रिक वाटेल, पण तो आपल्या बिऱ्हाडांच्या इतिहासाहून फार दूरचा नाही, एवढे आश्वासन वाचकांना आरंभीच देतो.

आमचे घराणे खानदेशातले. आजोबा तापीच्या काठाकाठाने सुरतेस आले, आणि पुढची पिढी १९८० च्या दशकात हजीऱ्याला कारखाने उभे राहू लागले तेव्हा तिकडे नोकरीस लागली. दक्षिण वसई क्षेत्राचा वायू समुद्राखालून नळाने हजीऱ्यास येऊ लागला, त्यावर खताचे कारखाने चालू लागले, आणि हजीरा–बिजैपूर–जगदीशपूर वाहिनीमुळे या किनाऱ्याचे नाव थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत गेले. आजोबांनी एका चोपडीत घराण्याची हकीकत लिहून ठेवली होती. माझ्या काकांनी २००३ च्या सुमारास ती संगणकावर उतरवून घेतली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला; त्या पाण्यात मूळ चोपडी गेली. उरली ती फक्त काकांची प्रत. ती ज्या यंत्रावर होती ते उंच फळीवर असल्यामुळे बचावले.

ते यंत्र आजही चालते. ५१२ मेगाबाइट स्मृती, जुना ३२-बिट प्रोसेसर, पोटफुगे काचेचे मॉनिटर जाऊन आलेला एक साधा सपाट पडदा. घरात नवे संगणक आहेत, पण ते नातवंडांचे. माझी आई वयाच्या ऐंशीनंतर मराठीत टंकलेखन शिकली आणि आजोबांची हकीकत पुढे लिहिण्याचा तिने हट्ट धरला. तिला हक्काचे यंत्र म्हणून हे जुनेच द्यायचे ठरले. त्यावर आजची भारदस्त कार्यप्रणाली चालणे शक्य नव्हते. म्हणून मी लिनक्स घातले आणि त्याच्यावर एक अत्यंत हलका विंडो मॅनेजर बसवला. यंत्र झटक्यात चालू लागले. आईने फाइल उघडली, आणि चष्मा वर सारून विचारले, “हे वर काय लिहिले आहे? हे आपल्याकडचे अक्षर नाही.”

खिडकीच्या आत, कागदावर, ‘हजीऱ्याची हकीकत’ ही अक्षरे शुद्ध होती. खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीत मात्र र च्या खाली एक टिंब, त्याखाली मोडका पाय, आणि शेजारी सुटा य असा प्रकार होता. दुसऱ्या फाइलीच्या नावातली पहिली वेलांटी आपले अक्षर सोडून पुढच्या अक्षराआधी जाऊन बसली होती. घराच्या आत नाव बरोबर आणि दारावरच्या पाटीवर चूक! असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी चाळीस वर्षे मागे गेलो.

१९८४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांनी पडद्यावर खिडक्या उमटवणारी एक प्रणाली रचली. तिच्याआधी स्टॅनफर्डमध्ये ‘डब्ल्यू’ नावाची प्रणाली होती. इंग्रजी मुळाक्षरांत त्यानंतरचे अक्षर म्हणून हिचे नाव ‘एक्स’ पडले. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि पुढची तीन दशके युनिक्स व लिनक्सच्या जगाचा सारा पसारा याच आवृत्तीवर उभा राहिला. तिच्या कर्त्यांनी एक तत्त्व कसोशीने पाळले: साधन आम्ही देऊ, धोरण तुम्ही ठरवा. एक्स फक्त पडद्यावर चौकोन आखून देते. तो कुठे असावा, त्याला कड असावी की नसावी, त्याच्या माथ्यावर नाव कोणत्या अक्षरात लिहावे, एकावर एक चौकोन आले तर वर कोणता राहावा, यांपैकी काहीही एक्स ठरवत नाही. हे ठरवणारा निराळा कार्यक्रम म्हणजेच विंडो मॅनेजर. खिडकीच्या आतला मजकूर ज्या त्या कार्यक्रमाचा, आणि चौकट व तिच्यावरची पाटी विंडो मॅनेजरची, अशी ही वाटणी आहे. आईने पाहिलेल्या चुकीचे मूळ या वाटणीत होते. आतले लेखनसाधन मराठी जाणत होते. पाटी रंगवणारा जाणत नव्हता.

हे काम स्वतंत्र असल्यामुळे ज्याला जसे हवे तसे त्याने रचावे, अशी मोकळीक निर्माण झाली. १९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंज यांनी ‘टीडब्ल्यूएम’ लिहिला. १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांना तो फार स्मृती खातो असे दिसले, म्हणून त्यांनी त्याला काटछाट करून ‘एफव्हीडब्ल्यूएम’ घडवला. त्यातील ‘एफ’ कशासाठी होता हे पुढे कोणालाच नक्की आठवेना, अशी त्याची गंमत सांगतात. लिनक्स तेव्हा दोन वर्षांचे पोर होते आणि सामान्य माणसाच्या यंत्रात चार किंवा आठ मेगाबाइट स्मृती असे. १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम या प्रकल्पांची घोषणा झाली. त्यांना केवळ चौकटी नको होत्या, संपूर्ण सजवलेला वाडा हवा होता. त्याच काळात दुसऱ्या बाजूने हलकेपणाचा पंथही जोमाने वाढला. ब्रॅड ह्यूज यांनी ‘ब्लॅकबॉक्स’ कोऱ्या पाटीवर लिहिला. त्यातून २००१ मध्ये ‘फ्लक्सबॉक्स’ आणि २००२ मध्ये डॅना जॅन्सेन्स यांचा ‘ओपनबॉक्स’ निघाला. ओपनबॉक्सची तिसरी आवृत्ती तर पूर्वजाची एकही ओळ न ठेवता नव्याने लिहिलेली आहे. २००६ मध्ये ‘डीडब्ल्यूएम’ आणि २००९ मध्ये ‘आय-थ्री’ आले. यांनी खिडक्या एकमेकींवर न टाकता फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसवल्या.

हलकेपणाची ही ओढ सुरतकरांना परकी वाटू नये. तापीच्या मुखाशी गाळाचा बांध आहे. मोठी जहाजे शहरापर्यंत कधीच सुखाने येऊ शकली नाहीत. म्हणून ती हजीऱ्याच्या लगत सुवालीच्या खोल पाण्यात नांगर टाकीत, आणि माल लहान होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून सुरतेस जाई. १६१२ मध्ये टॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांनी पोर्तुगीजांशी झुंज दिली ती याच पाण्यात. सुरतेच्या वैभवाची वर्णने करताना आपण मोठ्या जहाजांचे कौतुक करतो, पण उथळ पाण्यातून पेटारे पेठेपर्यंत आणले ते होडीवाल्यांनी. जुने यंत्र म्हणजे असेच उथळ पाणी. तिथे गलबत रुतते, होडी तरते.

परंतु होडीत काय भरायचे आणि काय धक्क्यावर टाकायचे, हे ठरवताना खरी परीक्षा होते. हलक्या विंडो मॅनेजरच्या कर्त्यांनी सावल्या टाकल्या, पारदर्शक कडा टाकल्या, चित्रांच्या रांगा टाकल्या. हे योग्यच केले. याच हिशेबात अनेकांनी आणखी एक गोष्ट ओझे म्हणून बाजूस ठेवली: लिपीची मांडणी. इंग्रजीत एका संकेताला एक आकृती असते. ती एकापुढे एक ठेवली की शब्द झाला. ‘एक्सएफटी’ हे अक्षरे रेखाटणारे साधन एवढेच करते, आणि इंग्रजी, जर्मन किंवा रशियन पाटीला तेवढे पुरते. देवनागरीत तसे चालत नाही. ‘कि’ मध्ये क आधी उच्चारला जातो आणि वेलांटी त्याच्या आधी लिहिली जाते. ‘र्क’ मध्ये आधी उच्चारलेला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांत तर मूळ अक्षरे ओळखूही येत नाहीत. संकेतांची ओळ वाचून त्यांतून योग्य आकृती निवडण्याचे आणि त्यांची जागा बदलण्याचे हे काम निराळे आहे. जुन्या छापखान्यांत ते खिळे जुळवणारा करीत असे. विंडो मॅनेजरमधून हा जुळारी वगळला की मराठी पाटी मोडते. ज्याची भाषा त्याच्यावाचून चालते, त्याला तो ओझे वाटतो.

लिनक्सच्या जगात हे जुळाऱ्याचे काम ‘पँगो’ नावाच्या ग्रंथालयाने केले. ‘पॅन’ हा सर्व या अर्थाचा ग्रीक शब्द आणि ‘गो’ हा भाषा या अर्थाचा जपानी शब्द, यांच्या संयोगातून हे नाव झाले. २००२ मध्ये ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर पँगो सर्वत्र पोहोचला. त्याच्या पोटात आज हे काम ‘हार्फबझ’ करतो, आणि ते नाव तर आपल्याला ओळखीचेच वाटावे: फारसीतील ‘हर्फ’ म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘हरफ’, अक्षर. ओपनबॉक्सच्या कर्त्यांनी आपल्या पाट्या रंगवण्याचे काम पँगोवर सोपवले. हलकेपणाच्या काटेकोर पुरस्कर्त्यांना ते थोडे जड वाटले असेल. पण त्या एका निर्णयामुळे ओपनबॉक्स हलका राहूनही मराठी लिहू शकला. आय-थ्रीमध्येही पँगोची सोय आहे. डीडब्ल्यूएम मात्र आजही एक्सएफटीवरच भिस्त ठेवतो.

या अर्ध्या र ची स्वतःची कथा याहून विलक्षण आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९८८ च्या सुमारास आकाराला आली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली; तिच्या आधारे युनिकोडमध्ये देवनागरीची जागा ठरली. त्या तक्त्यात टिंब दिलेला ‘ऱ’ हे एक अक्षर आहे. द्राविडी भाषांतील एक विशिष्ट र नागरीत लिहिता यावा म्हणून त्याची योजना झाली. मराठीच्या अर्ध्या र ला स्वतःचे घर मिळाले नाही. या द्राविडी ऱ चा पाय मोडला की त्याची जी आकृती होते, ती आपली रेघ, असे ठरले. म्हणजे ‘बिऱ्हाड’ या शब्दातला र स्वतः दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाडकरू आहे! जोवर मांडणीचे साधन जागरूक असते तोवर तो आपल्या वेशात दिसतो. साधन नसले की घरमालकाचे टिंब त्याच्या कपाळी येते. आईने पडद्यावर पाहिले ते हेच.

काकांच्या प्रतीवर दुसरे संकटही ओढवले होते. त्या काळी मराठी मजकूर बहुधा निरनिराळ्या कंपन्यांच्या खास फाँटांत टंकला जाई. आत संकेत इंग्रजीचेच, आणि त्यांवर मराठी आकृत्यांचा मुखवटा; फाँट काढून घेतला की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग उरे. पुढे तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी आम्ही एका परिवर्तकाचा आधार घेतला. त्याला अर्धा र ठाऊक नव्हता. त्याने सगळीकडे रफार दिला. आजोबांनी लिहिले होते की आपले पूर्वज सातपुड्याच्या दऱ्या ओलांडून आले. परिवर्तित प्रतीत ते ‘सातपुड्याच्या दर्या’ ओलांडून आले. मूळ चोपडी पाण्यात गेलेली. उद्या नातवंडांपैकी कोणी ही प्रत वाचून घराण्याचा समुद्रप्रवास वर्णन करू लागले, तर त्याला खोडून काढणार कोण? आईने एकेक पान वाचून ते सारे र दुरुस्त केले. तिच्या दृष्टीने पाटीवरची चूक ही केवळ दिसण्याची बाब नव्हती, ते यातूनच समजावे.

हलक्या यंत्रावर मराठीला जागा द्यावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातच एका खेड्यात अगदी रोकडा उभा राहिला होता. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही योजना निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये जगापुढे मांडली. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून तिचा गाजावाजा झाला; प्रत्यक्षात किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली. २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत, जेमतेम विसेक मुलांसाठी, तिचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हातात हिरव्या-पांढऱ्या रंगाची ‘एक्सओ’ ही यंत्रे आली. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट स्मृती, एक गिगाबाइट साठा. हार्ड डिस्क नाहीच. साडेसात इंचांचा पडदा भर उन्हात वाचता येई. आत लिनक्स होते आणि त्यावर ‘सुगर’ नावाचा मुलांसाठी रचलेला पडदा.

या यंत्रात विंडो मॅनेजर होता ‘मॅचबॉक्स’. म्हणजे नावातच काडेपेटी. मॅथ्यू ॲलम यांनी तो हातात मावणाऱ्या यंत्रांसाठी लिहिला होता, आणि नोकियाच्या ७७० या छोट्या यंत्रातही तोच होता. त्याचे धोरण एकच: एका वेळी एक खिडकी, आणि तिने सारा पडदा व्यापावा. कडा नाहीत, ओढाओढ नाही, खिडक्यांचा ढीग नाही. मुलाने चित्र काढायला घेतले की समोर फक्त चित्र. इतके सारे टाकून देणाऱ्या या यंत्रातही पँगो मात्र ठेवला होता. यंत्रासाठी देवनागरी कळफलक तयार झाला, आणि सुगरमधल्या शब्दांचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केले. या प्रकल्पात सॉफ्टवेअरची धुरा ज्यांच्याकडे होती त्यांत जिम गेटिस होते. १९८४ मध्ये एक्स रचणाऱ्या दोघांपैकी एक. साधन देऊन धोरण इतरांवर सोपवणारा हा माणूस तेवीस वर्षांनी स्वतःच धोरण ठरवायला बसला, तेव्हा खिडक्या गेल्या आणि लिपी राहिली, हे मला या साऱ्या इतिहासातले मोलाचे पान वाटते. तो उपक्रम पुढे देशभर पसरला नाही. त्याची कारणमीमांसा शिक्षणतज्ज्ञांनी करावी. पण ज्या यंत्रात स्मृतीचा एकेक कण मोजून खर्च केला, तिथे भाषेला कात्री लावण्याची गरज पडली नाही, हा दाखला कायमचा झाला.

या दाखल्याच्या बळावर मी आईच्या यंत्राची पुन्हा मांडणी केली. आपल्या वाचकांपैकी कोणाकडे असे टाकाऊ ठरवलेले यंत्र असेल तर उपयोगी पडावे म्हणून ती क्रमाने सांगतो. प्रथम डेबियन लिनक्स कोणत्याही सजवलेल्या डेस्कटॉपवाचून बसवले. एक सूचना: डेबियनने २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२-बिट यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आहे, तेव्हा अशा यंत्रासाठी बारावी आवृत्तीच घ्यावी लागते. त्यावर एक्स, ओपनबॉक्स, फाइली दाखवणारा ‘पीसीमॅनएफएम’ आणि तळाशी पट्टी देणारा ‘टिंट-टू’ एवढेच घेतले. अक्षरांसाठी ‘लोहित’ मालिका घेतली. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये ही मालिका मुक्त केली, आणि पुण्यातल्या तिच्या कार्यालयात भारतीय भाषांचे बरेच काम झाले, त्याची ही आठवण. मालिकेतला मराठी फाँट निराळा आहे, तो आठवणीने घ्यावा. हिंदी वळणाचा ल आणि श आपल्या डोळ्यांना खटकतो. यंत्राची भाषा म्हणून युटीएफ-८ सह मराठी निवडली. हे राहिले तर बाकी सारे करूनही पाटीवर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

ओपनबॉक्सचे सारे धोरण तीन साध्या फाइलींत असते. ‘आरसी’ या फाइलीत रूप आणि कळा, ‘मेनू’ या फाइलीत उजव्या टिचकीने उघडणारी यादी, आणि ‘ऑटोस्टार्ट’ मध्ये सुरुवातीस चालू करायच्या गोष्टी. मूळ प्रती यंत्राच्या सामायिक जागेत असतात. त्या आपल्या घरच्या फोल्डरात उतरवून घ्याव्यात आणि बदल तिथेच करावेत, म्हणजे चूक झाली तरी मूळ शाबूत राहते. आरसी फाइलीत फाँटचे नाव सहा जागी येते: चालू खिडकी, मागची खिडकी, यादीचे शीर्षक, यादीतले शब्द, आणि मध्येच उमटणाऱ्या सूचनांचे दोन प्रकार. सहाही जागी लोहित मराठी घातला आणि आकार सोळा केला. पाटीवर कोणती बटणे असावीत हे एका छोट्या शब्दाने सांगता येते. त्यातले प्रत्येक इंग्रजी अक्षर म्हणजे एक बटण. आईला लहान करणे, मोठे करणे यांचा त्रासच होई. मी फक्त नाव आणि बंद करण्याची फुली ठेवली. मॅचबॉक्सकडून एक धडा उसना घेऊन प्रत्येक नवी खिडकी पूर्ण पडद्याएवढीच उघडावी, असेही सांगून टाकले.

ओपनबॉक्स एकाच पडद्याची चार आभासी दालने करून देतो. त्यांना ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणण्याऐवजी आईच्या सांगण्यावरून नावे दिली: ओसरी, माजघर, देवघर, परसू. पत्रव्यवहार ओसरीवर, आजोबांची हकीकत माजघरात, तिची स्तोत्रे देवघरात, आणि नातवंडांचे खेळ परसात. दालन बदलताना मधोमध ते नाव क्षणभर उमटते. सदनिकेत राहणाऱ्या आमच्या घरी यांपैकी एकही जागा आता उरलेली नाही. पडद्यावर चारही आहेत. ऑटोस्टार्टमध्ये इनस्क्रिप्ट कळफलकाची एक ओळ घातली. त्यात ‘जे’ या कळीवर साधा र येतो आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ. त्यापुढे पाय मोडून य टंकला की आपला ‘ऱ्य’ सिद्ध होतो. हा क्रम आईने भिंतीवर कागद चिकटवून पाठ केला. सारे सुरू झाल्यावर यंत्राने दीडशे मेगाबाइटच्या आत स्मृती वापरली, आणि पाटीवर ‘हजीऱ्याची हकीकत’ निर्दोष उमटले.

ही व्यवस्थाही चिरंतन नाही, हे नमूद केले पाहिजे. एक्सची जागा आता ‘वेलँड’ घेत आहे. त्याचा आरंभ २००८ मध्ये क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी केला, आणि त्यात खिडक्यांचे व्यवस्थापन व पडदा रंगवणे ही दोन्ही कामे एकाच कार्यक्रमाकडे आली आहेत. ओपनबॉक्सच्या वळणावर घडलेला ‘लॅबडब्ल्यूसी’ त्यात हलक्यांचा वारसा चालवतो. तो ओपनबॉक्सच्याच धर्तीच्या फाइली वाचतो आणि रास्पबेरी पाय या छोट्या यंत्राच्या प्रणालीत २०२४ पासून तोच नेमलेला आहे. त्याच्या पाट्याही पँगोच रंगवतो. म्हणजे घर बदलले तरी सामानाच्या यादीत लिपी राहिली आहे.

आपले पूर्वज गायकवाडी अमलात आले असोत, ताप्ती व्हॅली रेल्वेने आले असोत, की हजीऱ्याच्या कारखान्यांसाठी आले असोत, प्रत्येकाने निघताना घरातल्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवली असेल. पाटा-वरवंटा मागे राहिला, जाते राहिले, कुठे कुठे देवही धाकट्या भावाकडे राहिले. बोलणे मात्र कोणी ओझ्यात मोजले नाही, म्हणून ते इथवर आले. हलके बिऱ्हाड करण्यात कमीपणा नाही. आपण सारे हलक्या बिऱ्हाडानेच आलो. फक्त यादी करणारा आपल्या घरचा असावा, कारण परक्याला आपल्या घरातले काय जड आहे आणि काय जिवाचे, हे कळण्याचा संभव कमी. यंत्राच्या बाबतीत ही यादी आपल्या हाती घेता येते, तीन साध्या फाइलींत लिहिता येते, एवढेच मला या खटाटोपातून शिकायला मिळाले.

परवा धाकटा नातू आजीच्या यंत्राशी बसला होता. त्याने दूरध्वनीवर मित्राला सांगितले, “मी उद्या हजीराला जाणार आहे.” आईने हातातले काम थांबवले नाही. फक्त पडद्याच्या माथ्यावरच्या पाटीकडे बोट दाखवले. त्याने ती वाचली, थोडा थबकला, आणि मित्राला पुन्हा सांगितले, “हजीऱ्याला.”